सक्तीची सेवा, पण कोणावर?

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात दोन तऱ्हेचे सैनिक शेजारी शेजारी राहत होते. एक गोरे. इंग्लंडातल्या दुकानांतून, कचेऱ्यांतून, कॉलेजांतून थेट पलटणीत आलेले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी तिथल्या पार्लमेंटनं कायदा करून १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवर लष्करी सेवा बंधनकारक केली. त्या कायद्यानं उचललेली कितीतरी माणसं देवळालीत आली, इथल्या उन्हात करपली आणि मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथेच तिष्ठत राहिली. दुसरे आपले सैनिक. मराठे, महार, शीख, गढवाली, मद्रासी. त्यांच्यावर असा कोणताही कायदा नव्हता. कुणी पोटासाठी आला असेल, कुणी घराण्याच्या रिवाजापायी, कुणी दुष्काळानं पिचून. पण नाव घालायला तो आपल्या पायांनी आला होता. युद्ध संपेपर्यंत या सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. सक्तीची भरती न करता उभी राहिलेली ती जगाच्या इतिहासातली सर्वांत मोठी फौज होती.

राज्य करणारे सक्तीनं आलेले आणि ज्यांच्यावर राज्य चालायचं ते स्वखुशीनं! ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी थक्क झालो. आणि तिचा माग काढत गेलं तर पुढे आणखी नवल आहे.

‘प्रत्येक तरुणाला एक-दोन वर्षं देशसेवा सक्तीची करा’ ही मागणी आपल्याकडे अधूनमधून उसळते. सीमेवर काही घडलं की उसळते, रस्त्यावर पोरांनी धुडगूस घातला की उसळते. इस्रायलमध्ये आहे, दक्षिण कोरियात आहे, सिंगापूरमध्ये १९६७ पासून आहे, मग आपल्याकडेच का नाही, असा प्रश्न चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत विचारला जातो. विचारणाऱ्याचा समज असा, की भारताला सक्तीची सेवा ठाऊकच नाही. प्रत्यक्षात आपल्या भूमीवर ती निदान चार वेगवेगळ्या रूपांत नांदली आहे, एका रूपात आजही चालू आहे, आणि तिच्यासाठी राज्यघटनेत एक स्वतंत्र उपकलम लिहून ठेवलेलं आहे.

पहिलं रूप गोऱ्यांचं. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडू लागलं तेव्हा १९१७ साली हिंदुस्थान सरकारनं ‘इंडियन डिफेन्स फोर्स’चा कायदा केला. त्यात हिंदुस्थानात राहणाऱ्या १६ ते ५० वयाच्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांना सेवा सक्तीची होती. वयाप्रमाणे कुणाला नुसतं प्रशिक्षण, कुणाला देशभर कुठेही जाण्याची तयारी, कुणाला फक्त आपल्या गावापुरती सेवा. हिंदी माणसाला मात्र ती ऐच्छिक. १९४० मध्ये पुन्हा एकदा तसाच कायदा आला, तोही युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांपुरताच. म्हणजे लष्करी सेवेची उघड, कायदेशीर सक्ती या देशात झाली ती राज्यकर्त्यांच्या जातभाईंवर. सामान्य हिंदी माणसाला बंदुकीची सक्ती करायला इंग्रज कधी धजला नाही. सक्ती करायची तर सगळ्यांच्या हातात बंदूक द्यावी लागते, हे त्याला पक्कं कळत होतं.

पण बंदुकीची सक्ती नव्हती म्हणजे सक्तीच नव्हती, असं नाही. दुसरं रूप याहून फार जुनं आणि फार कडू आहे, आणि त्याच्याशी झालेल्या झगड्याचा एक मोठा अध्याय आमच्या नाशिकात घडला.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दारांशी आली. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड या सत्याग्रहाचा कणा होते. दारं बंद राहिली. ही हकीकत सगळ्यांना माहीत असते. मंदिराबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसांतल्या अनेकांची गावात परतल्यावर कोणती सक्ती वाट बघत होती, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. महार वतनाची कामं ठरलेली होती. सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवायचं. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचं सामान वाहायचं, त्याच्या घोड्याचं दाणापाणी बघायचं. रात्री गस्त घालायची. कुणाच्या घरी मयत झालं तर परगावच्या सोयऱ्यांना निरोप सांगायला धावायचं. मेलेलं ढोर ओढून न्यायचं. कामाचे तास नव्हते, सुट्टी नव्हती. घरातला कर्ता बाहेर असेल तर घरातलं दुसरं माणूस धरून नेलं जाई. मोबदला म्हणून इनामाची तुटपुंजी जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. इंग्रजांच्या १८७४ च्या वतन कायद्यानं या साऱ्याला सरकारी शिक्का मिळाला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

समाजाला ज्याची गरज आहे ते काम, सगळ्या गावाच्या उपयोगाचं, पण एकाच जातीच्या मानेवर बांधलेलं. सार्वजनिक सेवेची सक्ती बिघडली की कशी दिसते, याचं याहून ढळढळीत उदाहरण जगात शोधूनही सापडायचं नाही.

आता याला लागून असलेली दुसरी गोष्ट बघा. १८९० च्या सुमारास इंग्रज सरकारनं महारांची लष्करातली भरती बंद केली. तेव्हा कोकणातल्या रावदुलचे, स्वतः पलटणीत नोकरी केलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारला द्यायचा अर्ज तयार केला, की आम्हाला पुन्हा फौजेत घ्या. ज्या समाजाकडून गाव रात्रंदिवस सक्तीची सेवा घेत होतं, तो समाज स्वेच्छेच्या सेवेचा हक्क मागत होता! कारण गावातली सेवा त्याला खाली ढकलत होती आणि पलटणीतली सेवा त्याला ताठ उभं करत होती. ते दार कायमचं उघडायला १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी लागली. सेवा माणसाला मोठं करते असं आपण सहज बोलून जातो. ती मोठं करते की चिरडते, हे ती कुणावर लादली आहे आणि सोबतीला कोण आहे यावर ठरतं, हे वलंगकरांच्या अर्जातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला कुठल्याही तात्त्विक ग्रंथात दिसलं नाही.

आणि म्हणून राज्यघटनेतल्या त्या उपकलमाकडे मी आश्चर्यानं बघत राहतो. घटनेचं २३ वं कलम वेठबिगारीवर आणि सक्तीच्या श्रमावर बंदी घालतं. हे अपेक्षितच होतं. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो, की सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादायला राज्याला या कलमानं आडकाठी नाही. मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून राज्यानं भेदभाव करायचा नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली. अशा सेवेचा मोबदला दिलाच पाहिजे असं कलमातच लिहा, अशी सूचना आली तेव्हा बाबासाहेबांनी ती बाब मोकळी ठेवण्याची बाजू घेतली. माणूस रोजीरोटीत गुंतलेला नसेल अशा फावल्या वेळेपुरतीच ही सेवा मागितली जाऊ शकते, मग तिथे मोबदल्याचं बंधन कशाला, असा त्यांचा विचार होता. पैशाबाबत त्यांनी लवचीकपणा ठेवला. जातीबाबत ठेवला नाही.

वेठीनं पिढ्यान् पिढ्या पिचलेल्या समाजातला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष झाला आणि त्यानं सक्तीच्या सेवेचं दार सरसकट बंद केलं नाही. फक्त चौकटीवर अट कोरून ठेवली, की आत यायचं तर सगळ्यांनी यायचं. आज जो कुणी राष्ट्रीय सेवेची मागणी करतो, त्यानं सुरुवात इथून करावी.

याच नाशिकात काळारामाच्या सत्याग्रहाच्या दशकात आणखी एका विचारानं मूळ धरलं. नागपूरचे नेत्रवैद्य डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे तरुणांच्या लष्करी शिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते. गोलमेज परिषदेनंतर मार्च १९३१ मध्ये ते इटलीला गेले, मुसोलिनीला भेटले, तिथल्या मुलांच्या निमलष्करी संघटना पाहून भारावले, आणि १९३७ साली त्यांनी नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. शाळा आजही चालू आहे आणि तिचे विद्यार्थी सैन्यात अधिकारी झाले आहेत. शिस्त, घोडेस्वारी, नेमबाजी, कणखर शरीर यांत वावगं काहीच नाही. पण शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मूळ नावातच एका धर्माचं नाव होतं आणि नमुना इटलीचा होता. काळारामाच्या बंद दारानंतर सात वर्षांनी त्याच शहरात एकजुटीचा हा दुसरा मार्ग आखला गेला. दोन्हींकडे प्रश्न एकच होता, की हा विखुरलेला समाज एक कसा व्हायचा? मला विचाराल तर कवायतीनं माणसं एका रांगेत येतात. पण रांगेत कुणाला घ्यायचं हे आधीच ठरलेलं असेल तर त्या एकजुटीला राष्ट्रीय म्हणता येत नाही. घटनेच्या अटीत ती बसत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा प्रयोग मात्र खरोखर सगळ्यांसाठी होता, निदान कॉलेजात जाणाऱ्या सगळ्यांसाठी. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एनसीसी, सुरू झाली. १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्ल्यावर १९६३ साली ती कॉलेजात सक्तीची झाली. आज ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे अशा कुणालाही विचारा. खाकी कपड्यांना मारलेली कांजी, ब्रासोनं घासलेली पितळी बकलं, ‘सावधान-विश्राम’ची आरोळी आणि बुटांनी सोललेल्या टाचा त्यांना अजून आठवतात. नाशिकचं एचपीटी कॉलेज असो की पुण्याचं फर्ग्युसन, वकिलाचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा एकाच उन्हात उभे राहिले. पण एवढ्या मुलांना पुरतील इतके शिकवणारे, इतक्या रायफली, इतका पैसा आणायचा कुठून? आणि मनाविरुद्ध उभ्या केलेल्या पोराच्या हातून कवायत कशी होते, हे सांगायला नको. १९६८ साली एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. सगळा खेळ पाच वर्षांचा.

त्याच्याही आधी एका मराठी माणसानं याहून मोठं स्वप्न कागदावर उतरवलं होतं. रायगडच्या पायथ्याच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. १९५९ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेचा विचार करायला समिती नेमली गेली. समितीनं सुचवलं, की शालेय शिक्षण संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी. थोडं लष्करी प्रशिक्षण, थोडं अंगमेहनतीचं काम, थोडी समाजसेवा, थोडं सामान्य शिक्षण. क्षणभर कल्पना करा. १९६० पासून हे अमलात आलं असतं तर आज तुमच्या आमच्या घरातल्या प्रत्येक पदवीधरानं उमेदीच्या वयातलं एक वर्ष कुठल्या तरी बंधाऱ्यावर किंवा खेड्यातल्या शाळेत काढलेलं असतं! खर्चाचा आणि व्यवस्थेचा डोंगर बघून शिफारस बाजूला पडली. के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजना अभ्यासून ऐच्छिक सेवेचा सल्ला दिला, कोठारी आयोगानंही शिक्षणाला समाजसेवेची जोड द्यायला सांगितलं, आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. देशमुखांच्या सक्तीच्या वर्षाचं हे ऐच्छिक रूप. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. ‘एनएसएस’ची शिबिरं महाराष्ट्राला नवी नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून घातलेले वनराई बंधारे, गावाचं सर्वेक्षण, संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पथनाट्य. गणेश विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी मूर्ती आणि निर्माल्य गोळा करत उभी असलेली कॉलेजची मुलं नाशिककरांच्या परिचयाची आहेत.

चिन्हावर कोणार्कचं चाक, छातीवर बिल्ला, गुणपत्रिकेत वाढीव गुण. यांतल्या काहीजणांची आयुष्यं त्या सात दिवसांनी खरंच वळवली. पण जो मुळात सेवाभावी आहे तोच नाव घालतो, आणि ज्याला गावाची सर्वांत जास्त गरज आहे तो घरीच राहतो. ऐच्छिक सेवेची ही मर्यादा आहे आणि सक्तीच्या बाजूनं असलेला सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे.

मग सक्तीनं एकत्र आणलेली माणसं खरोखर बदलतात का? इथे विज्ञानानं जे शोधून काढलंय ते मला फार रोचक वाटतं.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या वेळी कुणाला सैन्यात न्यायचं हे सोडतीवर ठरे. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री काचेच्या बरणीतून निळ्या डब्या काढल्या गेल्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेल्या मुलांचं नशीब त्या क्षणी फिरलं. पुढे जोशुआ अँग्रिस्ट या अर्थशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की नियतीनंच एक प्रयोग मांडून ठेवलाय. सोडतीमुळे गेलेले आणि सोडतीमुळे वाचलेले यांत दुसरा काही फरक नव्हता. त्यानं हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की सैन्यात गेलेल्या गोऱ्या तरुणांची कमाई दहा-बारा वर्षांनंतरही सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. ‘लष्करात गेला की आयुष्याला वळण लागतं’ हे आपण ठामपणे म्हणतो. अर्जेंटिनातल्या तशाच सोडतीच्या अभ्यासात तर सक्तीनं भरती झालेल्यांत पुढे गुन्हेगारीचं प्रमाण किंचित वाढलेलं आढळलं.

पण नॉर्वेत वेगळंच दिसलं. तिथे २०१५ पासून सैन्यसेवेचा नियम मुलगे आणि मुली दोघांना सारखा आहे. संशोधकांनी काही तुकड्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या मुली नेमल्या. आठ आठवडे एकाच खोलीत राहून, एकत्र कवायत केल्यावर, मिश्र तुकडीही तितकीच चांगलं काम करते असं मानणाऱ्या मुलग्यांचं प्रमाण १४ टक्केबिंदूंनी वाढलं. केवढा मोठा बदल! आणि तुकड्या मोडल्यावर, सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं तर तो विरून गेलेला होता. सहवासानं मन उघडतं, सहवास संपला की ते पुन्हा मिटू लागतं.

आपल्या देशातला प्रयोग तर थेट जातीवरचा. मॅट लो या संशोधकानं उत्तर प्रदेशात तरुणांच्या महिनाभराच्या क्रिकेट लीग भरवल्या. कुणाला मिश्र जातीच्या संघात टाकलं, कुणाला एकाच जातीच्या. एका संघात खेळलेल्यांच्या जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. पण दुसऱ्या जातीचे खेळाडू समोरच्या संघात आले तेव्हा परिणाम उलट्या दिशेनं गेला. नुसतं एका मैदानावर आणून भागत नाही, एकाच बाजूनं खेळायला हवं. घटनेच्या उपकलमातली अट १९४८ मध्ये अनुभवानं लिहिली गेली. सत्तर वर्षांनी क्रिकेटच्या मैदानावरून तिच्या जवळ जाणारं उत्तर आलं.

बाहेरच्या काही देशांत सक्तीची सेवा टिकली आहे ती बहुधा नागरी कामामुळे. ऑस्ट्रियात २० जानेवारी २०१३ ला सार्वमत झालं, जवळजवळ ६० टक्के लोकांनी सक्तीच्या बाजूनं कौल दिला. त्यांच्या मनात रणगाडे नव्हते. सैन्याऐवजी नागरी सेवा निवडणारे तरुण तिथल्या रुग्णवाहिका आणि वृद्धाश्रम चालवत होते, ते गेले तर आजीआजोबांकडे कोण बघणार ही काळजी होती. नायजेरियानं यादवी युद्धानंतर १९७३ मध्ये पदवीधरांना एक वर्षाची सेवा लावली आणि ती आपल्या राज्याबाहेर करायची असा दंडक घातला. येवल्याच्या मुलीनं एक वर्ष मिझोराममध्ये आणि ऐझॉलच्या मुलानं एक वर्ष सटाण्यात काढावं, तसं हे.

आकड्यांचंही भान हवं. भारतात दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलंमुली अठराव्या वर्षात पदार्पण करतात. आपलं सगळं सैन्य, नौदल आणि हवाई दल मिळून १५ लाखांच्या आतबाहेर. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात आज अग्निवीर घडतात ते स्वेच्छेनं अर्ज करून, स्पर्धेतून निवडून आलेले. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांची रांग बघितली की सैन्याला सक्तीची गरज नाही हे कुणीही सांगेल. तेव्हा सक्तीचा प्रश्न आपल्यासाठी खरा आहे तो नागरी सेवेचा.

आणि ती सेवा महाराष्ट्रात आत्ता, या घडीला चालू आहे! जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं शिक्षकांना अशैक्षणिक कामातून सोडवलं खरं, पण जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका एवढी तीन कामं ठेवली. मतदानाच्या आदल्या दिवशी यंत्रांच्या पेट्या उचलून पाड्यावर जाणाऱ्या गुरुजींशिवाय आपली लोकशाही एक दिवसही चालणार नाही. त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवांच्या नियमांत तर वर्षानुवर्षे एक अट छापली जाते, की गरज पडली तर नेमणुकीनंतरच्या पहिल्या दहा वर्षांत निदान चार वर्षं संरक्षण खात्याकडे सेवा द्यावी लागेल. परीक्षेची तयारी करणारी किती मुलं ती ओळ नजरेखालून घालत असतील?

पण सगळ्यांत मोठं उदाहरण डॉक्टरांचं, आणि तेही नाशिकशी जोडलेलं. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झालं. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या पदवीवर नाशिकचा शिक्का असतो. सरकारी किंवा पालिकेच्या महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकानं प्रवेशाच्या वेळी बंधपत्र लिहून दिलेलं असतं, की पदवीनंतर एक वर्ष सरकारी आरोग्य संस्थेत सेवा करीन. सगळे त्याला ‘बॉन्ड’ म्हणतात. मेक्सिकोनं तरुण डॉक्टरांना खेड्यात पाठवायला १९३६ मध्ये सुरुवात केली, जगात अनेक देशांनी त्याचं अनुकरण केलं, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांचे असे बॉन्ड वैध ठरवले.

या एका वर्षाचं मोल काय, ते बघायला नाशिकहून पश्चिमेला घाट ओलांडावा लागतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांत. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. भात लावणीच्या दिवसांत सर्पदंश, पावसाळ्यात जुलाब, आश्रमशाळांतल्या मुलांची खरूज आणि रक्तक्षय, रात्री दोनला आलेली अडलेली बाई. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली, तेव्हा रस्ते आणि पाण्याबरोबर दवाखान्याचंही गाऱ्हाणं होतं. अशा जागी एमबीबीएस झालेला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वर्षभर हजर असणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सहज उमगत नाही. आणि त्या तरुण डॉक्टरलाही पहिल्यांदाच कळतं, की औषध लिहून दिल्यावर रुग्णाला बसभाडं परवडतं का हेही विचारावं लागतं. देशमुख समितीला जे वर्ष सगळ्या देशासाठी हवं होतं, ते इथे एका व्यवसायापुरतं का होईना, प्रत्यक्षात आहे.

मात्र त्यात एक खिडकी ठेवली गेली. एमबीबीएसचा बॉन्ड पाळायचा नसेल तर वर्षानुवर्षे दहा लाख रुपये भरून सुटता येत आलं. अमेरिकेत यादवी युद्धाच्या वेळी ३०० डॉलर भरणाऱ्याला सैन्यातून सूट होती. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कची गरीब वस्ती त्यावरून पेटली, आणि त्या संतापाचा बळी ठरले तिथले काळे लोक, ज्यांचा या नियमात काही हात नव्हता. सुटकेला किंमत लावली की सेवा गरिबाच्या वाट्याला उरते आणि श्रीमंताचं नुसतं देणं होतं. बॉन्ड कायदेशीर आहे, न्यायालयानं तसं सांगितलंय. पण ज्याच्या बापाकडे दहा लाख आहेत तो मुंबईत पुढच्या परीक्षेच्या क्लासला आणि ज्याच्याकडे नाहीत तो सुरगाण्याला, ही वाटणी २३ व्या कलमातल्या ‘वर्ग’ या अटीच्या आत्म्याला धरून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सक्तीच्या नागरी सेवेच्या बाजूचा आहे. तिनं शिस्त लागेल, देशप्रेम उसळेल, बेकारी हटेल अशी आश्वासनं मी देणार नाही, त्यांना भक्कम पुरावा नाही. मी तिच्या बाजूनं आहे कारण आपल्या देशात वेगवेगळ्या जातींची, पैशाची आणि भाषांची मुलं एकाच बाजूनं, एकाच कामाला भिडली आहेत अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. सरकारी शाळा तशी जागा होती, ती आपण रिकामी केली. अशी जागा नव्यानं घडवायची एक संधी समोर आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा नाशिकला येतोय. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत कितीतरी भाविक दगावले, ते दुःख या शहरानं पाहिलं आहे. राज्यभरातल्या कॉलेजांच्या मुलांना महिना-दीड महिना गर्दीची वाट, पाणी, प्रथमोपचार आणि गोदेची स्वच्छता यांसाठी मिश्र तुकड्यांत, प्रशिक्षण देऊन, राहण्या-खाण्याची नीट सोय करून आणलं, आणि त्यातून ना आमदाराचा मुलगा सुटला ना संस्थाचालकाचा, तर राष्ट्रीय सेवा म्हणजे काय याचा नमुना देशाला इथे बघायला मिळेल.

पण देशातल्या दोन कोटी तरुणांकडे त्यांचं वर्ष मागण्याआधी सरकारनं एक काम करावं. डॉक्टरांच्या बॉन्डमध्ये पैसे भरून सुटण्याची कोणतीही खिडकी उघडी ठेवू नये, आणि त्याबरोबर आरोग्य केंद्रात राहण्याजोगं घर, रात्रपाळीला सुरक्षा, औषधांचा साठा आणि फोनवर सल्ला देणारा वरिष्ठ डॉक्टर यांची हमी द्यावी. नाशिकच्या विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या, बॉन्ड लिहून दिलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला, बाप कोण आहे हे न विचारता, हे वर्ष द्यावं लागलं पाहिजे. एवढं झालं, तर पुढची मागणी करण्याचा नैतिक अधिकार राज्याला मिळेल.